सासूबाई माझ्या ‘पालक’ नाहीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात अर्थसंकल्पाकडून काय हवं, यावर वाचकांची पत्रं आली होती. त्यातल्या तीन-चार पत्रांत नवरा-बायकोला मिळून एकच आयकर विवरणपत्र भरू द्यावं, अशी मागणी होती. चार्टर्ड अकाउंटंट मंडळींच्या संस्थेनेही ही सूचना सरकारकडे केली आहे. मागणी चुकीची नाही. पण पत्रं वाचताना मला सारखं वाटत राहिलं की ज्या घरात जोडीच उरलेली नाही, त्या घराबद्दल एकानेही एक ओळ लिहिलेली नाही. म्हणून हे पत्र.

मी ४४ वर्षांची आहे, मुलुंड पूर्वेला राहते, एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात काम करते. माझे पती एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. घरात आता तिघं आहोत: मी, नववीतला मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. माझे पती त्यांचे एकुलते एक. त्या माझ्याकडेच राहणार हे कुणी ठरवलं नाही, ठरवायची गरजही पडली नाही. मी सकाळी सव्वासातला घर सोडते. माझ्या मुलाला शाळेत पाठवणं, दुपारी गरम जेवण वाढणं, क्लासला वेळेत हाकलणं हे सगळं त्या करतात. त्या आहेत म्हणून मी नोकरी करू शकते, आणि नोकरी आहे म्हणून आयकर भरू शकते.

आता मुद्द्याचं. पती होते तेव्हा सासूबाईंच्या आरोग्य विम्याचा हप्ता तेच भरायचे. आयकर कायद्याच्या कलम ८०डी खाली स्वतःचं कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अवलंबून असलेली मुलं यांच्या विम्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते आणि आई-वडिलांसाठी वेगळी २५,०००, ते ज्येष्ठ नागरिक असले तर ५०,००० रुपयांपर्यंत. ते दर जानेवारीत ऑफिसच्या पोर्टलवर ‘पालक – ज्येष्ठ नागरिक’ या रकान्यात आईच्या पॉलिसीची पावती जोडायचे. ते गेल्यावर पॉलिसी बंद पडू नये म्हणून मी धावपळ केली. पॉलिसीचे प्रस्तावक, म्हणजे पॉलिसी काढून हप्ता भरणारे, तेच होते. मृत्यूचा दाखला, माझं आधार, नात्याचा पुरावा असं सगळं देऊन प्रस्तावक म्हणून माझं नाव लावून घेतलं. विमा कंपनीने नात्यापुढे ‘सासू’ लिहिलं आणि पॉलिसी जशीच्या तशी पुढे चालू ठेवली. आधीच्या वर्षांचा प्रतीक्षा काळही, म्हणजे जुन्या आजारांना विमा लागू होईपर्यंत थांबायचा काळही, धरला. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पुढच्या जानेवारीत मी माझ्या ऑफिसच्या पोर्टलवर तीच पावती त्याच रकान्यात जोडली. दोन दिवसांनी परत आली. शेरा होता: सासू-सासरे चालत नाहीत. मला वाटलं, पगार विभागातल्या नव्या मुलाची काहीतरी गफलत झाली असेल. फोन केला. तो बिचारा अतिशय सौम्यपणे म्हणाला, “मॅडम, कायद्यात पालक म्हणजे स्वतःचे आई-वडील. आम्ही काही करू शकत नाही.” आमच्या सीएंनीही तेच सांगितलं.

म्हणजे बाई तीच, रक्तदाब आणि मधुमेह तोच, पॉलिसीचा नंबर तोच, हप्ता भरणारं घरही तेच. फक्त मुलगा गेला आणि सून भरायला लागली, तर वजावट संपली. वरच्या टप्प्यात उपकरासह ३१.२ टक्के कर धरला तर ५०,००० च्या वजावटीचे १५,६०० रुपये होतात. ती रक्कम माझ्यासाठी डोंगराएवढी नाही, हे मी मान्य करते. पण घरातला कर्ता मुलगा गेल्यावर म्हाताऱ्या आईचा विमा सुरू ठेवणाऱ्या सुनेला कायदा सांगतो की ही बाई तुझी कुणी नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी फार लागली. आणि याच देशात १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याने विधवा सुनेच्या निर्वाहाची जबाबदारी, काही अटींसह का होईना, सासऱ्यावर टाकलेली आहे. सासऱ्याकडून सुनेकडे जाणारं नातं कायद्याला ठाऊक आहे. सुनेकडून सासूकडे येणारं मात्र करखात्याला ठाऊक नाही. माझ्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतसुद्धा जादा हप्ता भरून आई-वडील किंवा सासू-सासरे यांतली एक जोडी घेता येते. विमा व्यवसायाला जे कळलं, ते आयकर कायद्याला कळायला हरकत नसावी. बायको गेलेल्या जावयालाही हेच लागू आहे. आमच्याच संकुलात असे एक गृहस्थ आहेत, त्यांच्या मुलीला तिची आजी, म्हणजे त्यांच्या सासूबाई, सांभाळतात.

यावर कुणी म्हणेल, आता कमी दरांची, पण बहुतेक वजावटी नसलेली नवी करप्रणाली आली, तिथे ८०डी नाहीच, मग कसला वाद? खरं आहे आणि तोच माझा दुसरा मुद्दा आहे. माझा पगार वर्षाला साधारण २४ लाख आहे. आकडा लिहिताना संकोच वाटतो, पण त्याशिवाय हिशेब कळणार नाही. जुन्या प्रणालीत पगारदारांना सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट ५०,०००, बचतीसाठीच्या कलम ८०सी चे दीड लाख, घराच्या कर्जाच्या व्याजाचे २ लाख आणि स्वतःच्या व मुलाच्या विम्याचे कमाल २५,००० धरून असं सगळं वजा करूनही माझा कर ४,२१,२०० रुपये येतो. नव्या प्रणालीत फक्त ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, तरी कर येतो २,९२,५००. कुणीही शहाणा माणूस नवीच निवडेल. मीही निवडली. म्हणजे ८०डी पुस्तकात आहे, पण माझ्यासारख्या पगारदाराला ती वापरणं परवडत नाही. यंदा सासूबाईंचा हप्ता ६२,९०० आणि माझा व मुलाचा फ्लोटर, म्हणजे दोघांना मिळून एकच पॉलिसी, २१,५००, असे ८४,४०० रुपये मी भरले. कराच्या दृष्टीने ते शून्य आहेत.

आता तोच २४ लाखांचा पगार दोघांत वाटून बघा. नवरा १२ लाख, बायको १२ लाख. नव्या प्रणालीत प्रमाणित वजावटीनंतर दोघांचंही उत्पन्न १२ लाखांच्या आत येतं, दोघांनाही तेवढ्या उत्पन्नावरचा कर माफ करणारी कलम ८७ए ची सूट मिळते आणि त्या घराचा आयकर होतो शून्य. माझ्या घरात तेवढेच पैसे येतात, खाणारी तोंडं तेवढीच, आणि कर २,९२,५०० रुपये. मी हा हिशेब तीनदा करून पाहिला, कारण माझा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एकटा नवरा किंवा एकटी बायको कमावते, अशा जोडप्यालाही माझ्याइतकाच कर बसतो. एकत्र विवरणपत्राची मागणी त्यांच्यासाठीच आहे. पण त्या घरात दुसरं मोठं माणूस असतं. ते कमवत नसलं तरी मुलाच्या उशाशी बसतं, रांगेत उभं राहतं, सही करतं. उद्या एकत्र विवरणपत्र आलं आणि जोडप्यांच्या टप्प्यांची मर्यादा वाढली, तर त्यांचा प्रश्न सुटेल. आमचा तसाच राहील, कारण विवरणपत्रावर आमच्यासोबत सही करायला कुणी नाही.

दुसरं माणूस नसणं म्हणजे काय, हे मला ऑगस्ट २०२४ मधल्या एका रात्रीने शिकवलं. मुलगा तेव्हा १३ वर्षांचा होता. संध्याकाळपासून पोटात दुखतंय म्हणत होता, सासूबाईंनी ओवा-सैंधव दिलं, हिंग लावला. रात्री अकराला तो सरळ उभा राहू शकेना. बाहेर धो धो पाऊस. रिक्षा मिळायला वीस मिनिटं गेली. पूर्व उपनगरातल्या एका खासगी रुग्णालयात नेलं. अपेंडिक्स निघालं, पहाटे ऑपरेशन करायचं ठरलं. लहान मुलांच्या विभागात एकही खाट रिकामी नव्हती. म्हणून दोघांच्या खोलीत घेतो म्हणाले. शेजारच्या खाटेवर एक पुरुष रुग्ण होता. नर्स म्हणाली, “रात्री या खोलीत बाईमाणूस थांबू शकत नाही. वडील येतील का? नाहीतर मामा, काका कुणी?”

माझा भाऊ पुण्यात. दीर नाही. तेरा वर्षांच्या मुलाला ऑपरेशनच्या आधीच्या रात्री एकटं सोडून खाली लॉबीत बसायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. मी स्वतंत्र खोली घेतली. दर ८,५०० रुपये रोज.

सकाळी ऑपरेशन झालं, नीट झालं. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना बिल झालं १,८६,४००. माझ्या ऑफिसची पॉलिसी ५ लाखांची, पण तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे रोज ५,०००. मला वाटत होतं की वरचे साडेतीन हजार रोजचे मी भरायचे, विषय संपला. तसं नसतं. खोली मर्यादेबाहेरची घेतली की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळंच त्या प्रमाणात कापतात. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेल्या वस्तू तेवढ्या या कापणीतून सुटतात. त्यात हातमोजे, सिरिंज असल्या किरकोळ वस्तूंचं वेगळं. १,१८,७०० मंजूर झाले आणि ६७,७०० मी भरले. नियमाप्रमाणेच झालं, कुणी फसवलं नाही. अटींच्या पुस्तिकेत ते बारीक अक्षरांत होतं आणि मी ते वाचलेलं नव्हतं. पण विचार करा, मुलाचे वडील असते तर ते त्या दोघांच्या खोलीत रात्री थांबले असते. घरात एकच पालक आहे याची किंमत त्या बिलात लिहिलेली होती, फक्त तिला तसं नाव नव्हतं.

आणि डिस्चार्जचा दिवस. डॉक्टरांनी सकाळी दहाला घरी जायला सांगितलं. विमा नियामकाने मे २०२४ मध्येच परिपत्रक काढलं आहे की कॅशलेसच्या, म्हणजे बिल विमा कंपनीने रुग्णालयाला थेट देण्याच्या, विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांच्या आत. उशीर झाला तर त्यामुळे वाढलेला रुग्णालयाचा खर्च विमा कंपनीने सोसायचा. आम्ही संध्याकाळी साडेसहाला बाहेर पडलो. मधल्या साडेआठ तासांत मी तळमजल्यावरच्या विम्याच्या खिडकीपासून चौथ्या मजल्यापर्यंत किती वेळा चढ-उतार केली, मोजली नाही. खाली गेले की वर मुलगा एकटा. वर आले की खालून फोन, “मॅडम, एक क्वेरी आलीये, केस पेपरची झेरॉक्स लागेल.” मध्येच सासूबाईंचा फोन, गॅस संपला, नवा सिलिंडर कसा लावायचा. मुलाने मला तेव्हा एक वाक्य विचारलं, “आई, तू आजारी पडलीस तर या खिडकीवर कोण उभं राहणार?”

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला दोन महिने लागले आणि ते मी इथे लिहिते, कारण कदाचित दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. मी ऑफिसच्या पॉलिसीवर विसंबणं सोडलं. नोकरी गेली की ती पॉलिसी गेली, आणि पन्नाशीनंतर साखर वगैरे लागल्यावर नवी काढायला गेलं तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून स्वतःच्या पैशाने १० लाखांचा फ्लोटर घेतला, एक मोठं माणूस आणि एक मूल असा. घेताना फक्त एकच गोष्ट खोदून विचारली: खोलीभाड्याला मर्यादा आहे का? नाही, असं लेखी घेतलं. समोरच्या फ्लॅटमधल्या ताईंना विचारून त्यांचा नंबर आणीबाणीतला संपर्क म्हणून दिला. निळ्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये तिन्ही पॉलिसींची पहिली पानं, ई-कार्डं, माझा रक्तगट, चालू औषधं आणि विमा कंपनीचा टोल फ्री नंबर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला. फाइल गोदरेजच्या कपाटात नाही, शू-रॅकच्या वर आहे, जिथे सासूबाईंचा हात सहज पोचतो. मुलाला कॅशलेसचा अर्ज कसा भरायचा ते एका रविवारी शिकवलं. १३ वर्षांच्या मुलाला हे शिकवावं लागणं बरं नाही. पण शिकवलं.

सरकारने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी काढून टाकला, हा फार मोठा दिलासा आहे. सासूबाईंचा आधीचा हप्ता ५८,००० होता आणि वर १०,४४० जीएसटी, असे ६८,४४० भरले होते. यंदा नोव्हेंबरात मूळ हप्ताच वाढून ६२,९०० झाला, तरी एकूण ५,५४० रुपये कमी गेले. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी नियामकाशी बोलायचं, हा जानेवारी २०२५ चा आदेशही चांगला आहे. आणि ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून ५ लाखांचं संरक्षण मिळतं. सासूबाईंचं ते कार्ड मी काढून घेतलं आहे. खासगी पॉलिसी असली तरी ते मिळतं. तेव्हा योजना आखणाऱ्यांना ७४ वर्षांची बाई दिसते. करकायद्याला ती माझ्या घरात राहते हे तेवढं दिसत नाही.

माझी मावसबहीण मेलबर्नला असते. घटस्फोटित, दोन मुलं तिच्याकडे. तिच्याशी बोलताना एक गंमतीची नव्हे, विचार करण्यासारखी गोष्ट कळली. तिथे सरकारी आरोग्य व्यवस्थेसाठी उत्पन्नाच्या २ टक्के उपकर बहुतेक करदाते देतात. त्याशिवाय ज्यांचं उत्पन्न चांगलं आहे आणि ज्यांनी खासगी रुग्णालय विमा घेतलेला नाही, त्यांना १ ते दीड टक्के वेगळा अधिभार लागतो. २०२५-२६ साठी एकट्या माणसाची मर्यादा १,०१,००० डॉलर आणि कुटुंबाची २,०२,००० डॉलर, शिवाय पहिल्या मुलानंतरच्या दर मुलामागे १,५०० ची भर. बहिणीचं उत्पन्न १,४०,००० डॉलर आहे. ती एकटी धरली गेली असती तर विमा नसताना तिला सव्वा टक्का, म्हणजे १,७५० डॉलर अधिभार बसला असता. पण तिथे मुलं सांभाळणारा एकटा पालक हा ‘एकटा माणूस’ नाही, तो कुटुंब आहे. तिची मर्यादा २,०३,५०० झाली आणि अधिभार लागलाच नाही. विमा तिने तरीही घेतला आहे, एकल पालक आणि मुलं अशी पॉलिसीच तिथे मिळते. तिथे सगळं आलबेल आहे असं ती मुळीच म्हणत नाही. दर एप्रिलला हप्ते वाढतात आणि ती वैतागते. पण नवरा नसलेल्या आईला आणि तिच्या दोन मुलांना कुटुंब म्हणायला तिथल्या कायद्याला अडचण पडली नाही, हे ऐकून मी फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत उभी होते.

आपल्याकडे एकल पालक करकायद्याला एकाच ठिकाणी आठवतो, आणि तो वसुलीसाठी. अल्पवयीन मुलाच्या नावावरचं व्याज पालकाच्या उत्पन्नात मिळवतात. आई-वडील दोघं असतील तर ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या, आणि विवाह टिकून नसेल तर मुलाला सांभाळणाऱ्याच्या. पतींच्या भविष्यनिर्वाह निधीतली काही रक्कम मी मुलाच्या शिक्षणासाठी त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवली आहे. तिला मी हात लावत नाही, लावणारही नाही. तिचं व्याज दरवर्षी माझ्या पगारात मिळवलं जातं आणि माझ्या वरच्या टप्प्याने त्यावर कर जातो. यातून मुलामागे फक्त १,५०० रुपये सूट आहे. तीस वर्षांहून जुना हा आकडा आहे. आणि नव्या प्रणालीत तेवढेही मिळत नाहीत.

लोक मला म्हणतात, २४ लाख कमावतेस, तुला कसली सवलत? शेजारच्या बाईला १२ हजारांत घर चालवावं लागतं. अगदी खरं आहे. आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशीसुद्धा एकट्याच मुलींना वाढवतात आणि त्यांच्यापुढे माझी अडचण काहीच नाही. मी कर भरायला नाही म्हणत नाही. पण मला मिळणाऱ्या २४ लाखांपाठी दुसरा पगार नाही, दुसरी कंपनी पॉलिसी नाही, दुसरी २५,००० ची वजावट नाही. मला दोन महिने अंथरुणाला खिळावं लागलं तर घराचा हप्ता भरायला दुसरं कुणी नाही. म्हणून तर मी इतका विमा घेते. अशा घराने विमा घ्यावा, ही सरकारचीही इच्छा असली पाहिजे, कारण विमा नसलेलं घर एका ऑपरेशनमध्ये कर्जबाजारी होतं.

मला काय हवं आहे, ते स्पष्ट लिहिते. आरोग्य विम्याची वजावट नव्या करप्रणालीतही द्या. २५,००० ची मर्यादा २०१५ च्या अर्थसंकल्पात ठरलेली आहे, तेव्हाचे हप्ते आणि आताचे हप्ते यांची तुलनाच होत नाही, ती वाढवा. ‘पालक’ या शब्दात, जोडीदार गेलेल्या सुनेच्या किंवा जावयाच्या घरात राहणारे सासू-सासरेही घ्या. एवढ्या एका ओळीने कुणाचा खजिना रिकामा होणार नाही. आणि जोडप्यांसाठी एकत्र विवरणपत्र आणणार असाल, तर ज्याच्या घरात मूल आहे आणि जोडीदार नाही, त्या पालकालाही कुटुंबाचेच टप्पे लावा. घटस्फोटित, विधवा, विधुर, दत्तक मूल घेतलेली अविवाहित स्त्री, सगळे यात येतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो आहे. ६४ वर्षं जुना कायदा बदलताना भाषा सोपी केली म्हणतात. कुटुंब या शब्दाकडेही त्याच वेळी बघितलं असतं तर बरं झालं असतं. अजूनही दुरुस्ती करता येते.

आपल्या वृत्तपत्राच्या अर्थविषयक पानावर एकल पालकांच्या कर आणि विम्याबद्दल एखाद्या जाणकाराकडून लिहून घ्यावं, ही विनंती. असे प्रश्न मला एकटीलाच पडतात असं नाही. आमच्या संकुलात २१० फ्लॅट आहेत आणि माझ्या ओळखीचीच अशी पाच घरं आहेत. पत्र १ फेब्रुवारीच्या आत छापता आलं तर उपकार होतील. मुलाच्या शाळेत चर्चा नको म्हणून नाव छापू नये.

हे पत्र मी रात्री लिहिलं आणि सकाळी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग एवढंच विचारलं, “म्हणजे तुझ्या त्या कागदावर मी कोण म्हणून आहे?” मी पॉलिसीचं पान आणून दाखवलं. तिथे त्यांचं नाव आहे आणि पुढे नातं लिहिलेलं आहे. आयकराच्या कागदावर त्यांचं नाव कुठेच नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आपली,
एक नियमित वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई